दोन पॅकेजेस आणि एक पावसाळा : कोल्हापूर जिल्ह्यातील रस्ते देखभालीच्या निविदेचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सार्वजनिक बांधकाम कार्यालयाचे आहे. ओळख पटू नये म्हणून कार्यालय, रस्ते आणि ठेकेदार यांची नावे गाळली आहेत. रकमा, अंतरे आणि साखळी क्रमांकही (रस्त्यावरची जागा सांगणारे किलोमीटर-मीटरचे आकडे) थोडे बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

कार्यालयाकडे प्रमुख जिल्हा मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग मिळून ६२ किलोमीटर लांबीचे नऊ रस्ते होते. जवळजवळ सगळे ३.७५ मीटर रुंदीचे, एकपदरी, डांबरी. त्यातले ३४ किलोमीटर करवीर आणि पन्हाळ्याच्या नदीकाठच्या पट्ट्यात आणि २८ किलोमीटर गगनबावड्याच्या बाजूला, चढ-उताराच्या भागात.

या दोन भागांतले रस्ते वेगवेगळ्या कारणांनी खराब होतात. नदीकाठी भरावाखाली काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि रस्त्याला लांबच लांब भेगा पडतात. त्यावरून ऊस हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर जातात. समोरून वाहन आले की एक चाक बाजूपट्टीवर उतरते आणि डांबराची कड तुटत जाते. गगनबावड्याकडे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर शिरोळच्या बाजूला त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. पश्चिमेकडच्या रस्त्यांवर वाहने कमी आहेत. तिथे रस्ता मोडतो तो बुजलेल्या गटारांमुळे आणि तुंबलेल्या मोऱ्यांमुळे, कारण डोंगरउताराचे पाणी डांबरावरूनच वाहते.

पूर्वी ही देखभाल मैलकुली, म्हणजे खात्याचे रस्त्यावरचे मजूर, करायचे. ती पदे कमी होत गेली तसे काम तुकड्यातुकड्याने बाहेर देण्याची पद्धत पडली. एकाच रस्त्यावर वर्षभरात चार-पाच छोटी कामे निघत आणि त्यांचे साखळी क्रमांक एकमेकांत घुसलेले असत. परिणामी दोष दायित्वाचा कालावधी, म्हणजे केलेले काम बिघडले तर ठेकेदाराने ते स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, कागदावर राहायचा. साखळी क्रमांक (सा. क्र.) ३/४०० ला, म्हणजे किलोमीटर ३ च्या पुढे ४०० मीटरवर, खड्डा पडला तर तो अमक्याच्या कामात येतो की तमक्याच्या, हे ठरेपर्यंत पावसाळा संपे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर हा गोंधळ असह्य झाला. तेव्हा सगळ्या ६२ किलोमीटरची दोन वर्षांची देखभाल एकाच निविदेत बांधायची, म्हणजे रस्ता एक आणि जबाबदारही एक, असा विचार पुढे आला. विचार बरोबर होता, पण तो कागदावर उतरवताना निविदा बिघडली.

पहिल्या दोन मागण्या

मूळ अंदाजपत्रक ४ कोटी ६० लाखांचे होते. नमुना बी-१, म्हणजे टक्केवारी दराचा : कार्यालयाने प्रत्येक बाबीचा दर आधीच लिहिलेला असतो आणि ठेकेदार संपूर्ण रकमेवर इतके टक्के कमी किंवा इतके टक्के जादा असा एकच आकडा भरतो.

महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर पहिली सूचना सप्टेंबरअखेर निघाली. दोनच निविदा आल्या. त्यातली एक तांत्रिक लिफाफ्यातच, म्हणजे दर उघडण्याआधी पात्रतेचे कागद तपासतानाच, अपात्र ठरली, कारण हॉटमिक्स प्लँट (खडी आणि डांबर तापवून मिसळणारा कारखाना) स्वतःच्या मालकीचा नव्हता. दुसऱ्या मागणीत एकच निविदा आली, तीही ९.८ टक्के जादा दराची. तोवर नोव्हेंबर उजाडला होता आणि उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर होत्या.

ठेकेदार का आले नाहीत? कार्यालयात पहिला तर्क ‘रिंग झाली असेल’, म्हणजे ठेकेदारांनी आपसांत संगनमत केले असेल, असाच होता. रिंग होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण इथे कागद नीट वाचल्यावर त्याहून साधी कारणे सापडली.

पहिले कारण पात्रतेचे. अट होती की निविदा रकमेच्या निम्म्या किमतीचे, म्हणजे सुमारे २ कोटी ३० लाखांचे एक काम पूर्ण केलेले असावे. जिल्ह्यात देखभालीची कामे खऱ्या अर्थाने जाणणारे ठेकेदार २० ते ६० लाखांची कामे करणारे आहेत. ते सगळे या अटीने बाहेर पडले. जे मोठे ठेकेदार अटीत बसत होते त्यांना ६२ किलोमीटरवर दोन पावसाळे गँग फिरवत बसण्यात रस नव्हता. लहानांना मोठे आणि मोठ्यांना लहान, असे हे काम झाले होते.

दुसरे कारण अंतराचे. बहुतेक हॉटमिक्स प्लँट पूर्वेकडे. तिथून गगनबावड्याच्या टोकापर्यंत माल न्यायचा तर डंपरला दीड-दोन तास लागतात. व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा माल प्लँटवर १५० ते १६५ अंश सेल्सिअसला तयार होतो, अंथरताना तो किमान १४० अंश असावा लागतो आणि ९० अंशांच्या खाली जाण्याआधी रोलिंग संपावे लागते. घाटाच्या बाजूला थंड वाऱ्यात ताडपत्री नीट न बांधलेला डंपर पोहोचेपर्यंत ही मर्यादा सुटते. हे प्रत्येक ठेकेदाराला माहीत आहे. त्याने एकच टक्केवारी भरायची असल्याने २८ किलोमीटरची ही जोखीम त्याने सगळ्या ६२ किलोमीटरवर चढवली. ९.८ टक्क्यांचा मोठा भाग इथून आला असावा.

तिसरे कारण सगळ्यांत महत्त्वाचे. खड्ड्यांची परिमाणे मे महिन्याच्या पाहणीवरून घेतली होती आणि निविदा ऑक्टोबरात उघडली. मधल्या पावसाळ्याने परिमाणे कुठल्या कुठे नेली. बी-१ च्या कलम ३८ नुसार बाबीचे परिमाण २५ टक्क्यांपर्यंत वाढले तरी ठेकेदाराने निविदेच्याच दराने काम करायचे असते, त्यापुढे दराचा प्रश्न नव्याने उभा राहतो. अंदाजपत्रकात खड्डे कमी आणि रस्त्यावर जास्त, हे उघड दिसत असताना शहाणा ठेकेदार एकतर लांब राहतो किंवा दर चढवतो. शिवाय पावसाळ्यात गँग आणि टेंपो सज्ज ठेवण्याचा खर्च कोणत्याच बाबीत धरलेला नव्हता. खड्डा भरला तर पैसे, गँग उभी राहिली तर काही नाही.

समोरचे पर्याय

नोव्हेंबरअखेर निर्णय घ्यायचा होता आणि मागे ३१ मार्च उभा होता. देखभालीचा पैसा लेखाशीर्ष ३०५४ चा, महसुली. वर्षात खर्च झाला नाही तर तो व्यपगत होतो, म्हणजे हातचा जातो. हा दबाव बाहेरून दिसत नाही, पण अशा प्रकरणांत निम्मे चुकीचे निर्णय त्याच्याच पोटी जन्मतात.

एकमेव निविदा वाटाघाटीने खाली आणून स्वीकारणे हा सर्वांत सोपा मार्ग होता. ठेकेदार ५ टक्के जादापर्यंत येईल अशी चिन्हे होती. पण परिमाणे चुकीची आहेत हे कळल्यानंतर त्याच परिमाणांवर करार करणे म्हणजे सहा महिन्यांत वाढीव परिमाणांचा प्रस्ताव पाठवण्याची तयारी ठेवणे. लेखा शाखेने याला हरकत घेतली आणि ती रास्त होती.

पुन्हा छोटे तुकडे करणे हा दुसरा मार्ग. मजूर सहकारी संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांच्या वाट्याची कामे त्यातून लगेच देता आली असती आणि मार्चपूर्वी खर्चही झाला असता. मात्र दोष दायित्वाचा जुना गोंधळ जसाच्या तसा परत आला असता.

तिसरा मार्ग पूर्ण कामगिरी-आधारित कराराचा : किलोमीटरमागे ठरावीक रक्कम आणि रस्ता दोन वर्षे ठरल्या दर्जाचा ठेवायची जबाबदारी ठेकेदाराची. कागदावर हा सर्वांत देखणा. पण अशा करारात रस्त्याची सुरुवातीची अवस्था चांगली असावी लागते. ज्या रस्त्याचा पायाच जागोजागी खचलेला आहे तो कोणी ठोक रकमेत घेत नाही, आणि घेतलाच तर ती रक्कम परवडत नाही.

कार्यालयाने मधला मार्ग निवडला. निविदा रद्द करायची, काम भूगोलानुसार दोन पॅकेजेसमध्ये तोडायचे आणि प्रत्येक पॅकेजमध्ये दोन भाग ठेवायचे. भाग १ मोजून पैसे देण्याच्या कामांचा, भाग २ दरमहा दर किलोमीटर ठोक रकमेच्या नित्य देखभालीचा. त्या वर्षीच्या निधीतून ऊस हंगामासाठी सर्वांत वाईट ११ किलोमीटरवर तीन छोटी कामे काढली आणि उरलेला निधी समर्पित केला, म्हणजे शासनाला परत केला. निधी परत करण्याचा प्रस्ताव सही करून वर पाठवणे सोपे नसते. या प्रकरणातला तो सर्वांत धाडसी निर्णय होता असे आम्ही मानतो.

निविदा नव्याने कशी बांधली

आधी पाहणी पुन्हा केली. दोन पथके, चाकाचे मोजमाप यंत्र, टेप आणि अक्षांश-रेखांशासह फोटो. खड्डा जसा दिसतो तसा न मोजता, तो दुरुस्तीसाठी चौकोनी कापला तर जेवढा होईल तेवढा मोजला. हा फरक क्षुल्लक वाटतो, पण गोल खड्ड्याभोवती सैल झालेली कड धरली की क्षेत्रफळ सहज दीडपट होते. मेच्या अंदाजपत्रकात तूट राहण्याचे हेही एक कारण होते. प्रत्येक २०० मीटरला गटार, बाजूपट्टी आणि मोरीची नोंद वेगळी घेतली.

एकूण रक्कम मंजुरीच्या मर्यादेत ठेवायची असल्याने नूतनीकरणाची, म्हणजे डांबराचा नवा वरचा थर देण्याची, लांबी २१ वरून १९ किलोमीटरवर आणली आणि वाचलेले पैसे गटारे, मोऱ्या आणि पाया-दुरुस्तीकडे वळवले. लोकप्रतिनिधींना हे पटवायला वेळ गेला, कारण नवे काळे डांबर सगळ्यांना दिसते आणि साफ केलेली मोरी कोणालाच दिसत नाही.

पॅकेज अ, नदीकाठ : ३४ किलोमीटर, २ कोटी ४४ लाख. त्यात ११ किलोमीटरवर २० मिलिमीटर जाडीचे ओपन ग्रेडेड कार्पेट (खडी-डांबराचा सच्छिद्र थर) आणि त्यावर ती छिद्रे बुजवणारा सील कोट. नित्य देखभाल दर किलोमीटर दरमहा ६,५०० रुपये. पॅकेज ब, घाटाची बाजू : २८ किलोमीटर, २ कोटी १६ लाख, ८ किलोमीटर नूतनीकरण. इथे ओपन ग्रेडेड कार्पेटऐवजी मिक्स सील सरफेसिंग, म्हणजे जास्त घट्ट थर, घेतले, कारण एवढ्या पावसात सच्छिद्र थर पाणी पिऊन घेतो आणि सील कोट कुठे पातळ पडला की तिथूनच उखडायला लागतो. नित्य देखभाल दर किलोमीटर दरमहा ८,००० रुपये.

हॉटमिक्स प्लँटच्या मालकीची अट काढली. भाडेकरार किंवा प्लँटधारकाचे पुरवठ्याचे हमीपत्र चालेल, पण कामाच्या जागी डंपरमध्ये तापमान १४० अंशांपेक्षा कमी भरले तर तो डंपर परत, असे लिहिले. प्लँट कोणाच्या नावावर आहे यापेक्षा माल किती गरम पोहोचतो हे रस्त्याला कळते. पावसाळ्यातल्या खड्ड्यांसाठी गरम मालाचा आग्रह सोडून इमल्शनचे (पाण्यात मिसळलेल्या डांबराचे) थंड मिश्रण किंवा पिशवीतले तयार मिश्रण वापरण्याची मुभा दिली. मात्र खड्ड्याच्या कडा उभ्या कापणे, पाणी आणि चिखल काढणे, टॅक कोट (माल चिकटावा म्हणून डांबराचा पातळ हात) देणे आणि प्लेट कॉम्पॅक्टरने दाबणे या चार पायऱ्या सक्तीच्या ठेवल्या. ७५ मिलिमीटरपेक्षा खोल खड्डा थराथराने भरायचा. पाण्यात माल टाकून टेंपोच्या चाकाने दाबलेला खड्डा पुढच्या सरीत उघडा पडतो.

एका पूर्ण कामाच्या अनुभवाऐवजी गेल्या पाच वर्षांत देखभालीची एकूण ठरावीक रकमेची कामे केल्याचा दाखला मागितला. निविदा क्षमतेचे सूत्र, वार्षिक उलाढालीच्या दुपटीला वर्षांनी गुणून त्यातून हातातली कामे वजा करायचे, तसेच ठेवले. हातातली कामे प्रतिज्ञापत्रावर मागितली. करार दोन वर्षांचा असल्याने डांबराच्या भावफरकाचे कलम घातले. कंपन्यांचे डांबराचे दर महिन्यात दोनदा बदलतात, आणि तो सट्टा ठेकेदाराने खेळावा अशी अपेक्षा ठेवली तर त्याची किंमत दरात येतेच.

निविदापूर्व बैठकीचा अनुभवही सांगण्यासारखा आहे. आधीच्या मागणीत बैठकीला कोणी तोंड उघडले नव्हते. प्रतिस्पर्ध्यासमोर प्रश्न विचारला तर आपला हिशेब उघडा पडतो. म्हणून या वेळी लेखी प्रश्न मागवले आणि विचारणाऱ्याचे नाव न देता सगळी उत्तरे शुद्धिपत्रकाने प्रसिद्ध केली. चांगले प्रश्न आले. पाणीपुरवठा योजनेच्या पाइपलाइनसाठी रस्ता खोदला तर त्या चराची जबाबदारी कोणाची? उत्तर : खोदाई करणाऱ्या यंत्रणेने चर पूर्ववत करून संयुक्त पाहणीत नोंद होईपर्यंत ती लांबी ठेकेदाराकडे नाही. हे आधी लिहिले नसते तर पहिल्याच महिन्यात वाद झाला असता. शुद्धिपत्रक अंतिम मुदतीच्या तीन दिवस आधी निघाले म्हणून मुदत सात दिवसांनी वाढवली.

दर उघडल्यावर

पॅकेज ब ला तीन पात्र निविदा आल्या, सर्वांत कमी २.३ टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी. तिथे फारसा प्रश्न नव्हता.

पॅकेज अ ला पाच आल्या, एक अपात्र. सर्वांत कमी १७.४ टक्के बिलो आणि दुसरी ६.१ टक्के. दोघांत सुमारे साडेसत्तावीस लाखांचा फरक. इतका उतरलेला दर घ्यावा का?

निविदेच्या अटीनुसार १० टक्के कमीपर्यंत १ टक्का अतिरिक्त सुरक्षा ठेव, १० ते १५ टक्क्यांच्या मधल्या प्रत्येक टक्क्याला आणखी १ टक्का, आणि १५ च्या पुढच्या प्रत्येक टक्क्याला दुप्पट. म्हणजे १ अधिक ५ अधिक ४.८, एकूण १०.८ टक्के. २ कोटी ४४ लाखांवर २६ लाख ३५ हजार रुपये. ठेकेदाराने ती मुदतीत भरली. कार्यालयाने दर पृथक्करण, म्हणजे प्रत्येक दरामागचा खर्चाचा हिशेब, मागितले, तेही दिले. क्रशर स्वतःचा, प्लँट जवळच्या नातलगाचा, डंपर स्वतःचे. कार्पेटच्या बाबीत दर बसत होता. पात्र आणि ठेव भरलेला सर्वांत कमी देकार नाकारायला सबळ कारण लागते. लेखापरीक्षणात आणि न्यायालयात टिकेल असे कारण हाती नव्हते. निविदा स्वीकारली. मार्चच्या मध्यावर दोन्ही कार्यारंभ आदेश निघाले.

या टप्प्यावर एक गोष्ट निसटली. दर पृथक्करण डांबरी बाबींचे तपासले, भाग २ चे कोणी उघडले नाही. टक्केवारी दरात बिलो सगळ्यांवर सारखा बसतो. ६,५०० रुपयांचे १७.४ टक्क्यांनी ५,३६९ झाले. ३४ किलोमीटरला महिन्याला १ लाख ८२ हजार ५४६. चार माणसे, टेंपो, कॉम्पॅक्टर आणि साहित्य धरून एका गँगचा दिवसाचा खर्च साधारण ८,००० रुपये होता, २६ दिवसांचे २ लाख ८ हजार. पूर्णवेळ गँग ठेवली तर ठेकेदाराला दर महिन्याला तोटाच होता. पॅकेज ब मध्ये हाच हिशेब ७,८१६ गुणिले २८, म्हणजे २ लाख १८ हजार ८४८ येतो आणि गँगचा खर्च त्यात बसतो.

कामे आणि पहिला पावसाळा

नूतनीकरण दोन्हीकडे मेअखेर झाले आणि चांगले झाले. डांबराच्या वापराचा ताळा काटेकोर ठेवला होता. २० मिलिमीटर कार्पेटला १० चौरस मीटरमागे १४.६ किलो आणि ब प्रकारच्या सील कोटला ६.८ किलो, असे टॅक कोट सोडून २१.४ किलो डांबर लागते. ३.७५ मीटर रुंदीच्या एका किलोमीटरला ८ टनांच्या किंचित वर. डांबर कंपनीचे मूळ चलन (खरेदीची पावती) देयकासोबत घेऊन त्यावर कामाचे नाव, साखळी क्रमांक आणि शिक्का मारून ते रद्द केले जाई, म्हणजे तेच चलन दुसऱ्या कामाला दाखवता येऊ नये. सोपी गोष्ट आहे आणि ती न केल्यामुळे काय काय होते हे या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे.

पावसाळा लागल्यावर दोन पॅकेजेसमधला फरक दिसू लागला. ब मध्ये गँग रोज रस्त्यावर असायची. मोऱ्या जूनच्या आधीच मोकळ्या केल्या होत्या आणि उताराचे पाणी गटारातून जात होते. अ मध्ये गँग आठवड्यातून दोन दिवस दिसे.

निविदेत दंड होता : मुदतीत न भरलेल्या प्रत्येक खड्ड्याला दिवसाला ३०० रुपये कपात. तो ठेकेदाराने मोजून घेतला होता. सहा खड्डे चार दिवस उघडे राहिले तर कपात ७,२०० रुपये. गँग एक दिवस पाठवायला ८,००० रुपये. म्हणजे खड्डे साठू देणे त्याला स्वस्त पडत होते. कनिष्ठ अभियंता नियमाने कपात लावत होता, ठेकेदार नियमाने ती सोसत होता आणि लोक खड्ड्यांतून जात होते. सगळे कराराप्रमाणे चालले होते.

मधेच दंडाची अट कडक करणे शक्य नव्हते. निविदेनंतर अटी बदलल्या तर दुसऱ्या निविदाधारकावरही तो अन्याय होतो. कार्यालयाने करारातलेच दुसरे कलम वापरले. जुलैअखेर नोटीस दिली की भाग २ ची सेवा सलग खंडित आहे, सुधारणा न झाल्यास तुमच्या जोखमीवर व खर्चावर दुसऱ्या यंत्रणेकडून काम करून घेतले जाईल आणि वसुली अतिरिक्त ठेवीतून होईल. याच सुमारास ठेकेदाराने नूतनीकरण संपले म्हणून अतिरिक्त ठेवीतली निम्मी रक्कम परत मागितली होती. अटीत ‘काम पूर्ण झाल्यावर’ असे होते आणि भाग २ अजून वीस महिने चालायचा होता, म्हणून मागणी नाकारली. २६ लाख ३५ हजार अडकून पडताहेत हे दिसल्यावर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापासून गँग रोज येऊ लागली. कमी दराच्या निविदेत ही ठेव किती कामाची असते आणि ती कधी परत करायची हे शब्दांत किती नेमके हवे, ते इथे कळले.

पुराचा वाद

पॅकेज अ मधल्या एका रस्त्यावर सा. क्र. ४/२०० ते ७/४०० ही लांबी जुलैत दोन दिवस पाण्याखाली होती. निविदेत पूरसवलतीची अट अशी : राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांच्या धोका पातळीवर गेली तर त्या काळातले नुकसान ठेकेदाराच्या जबाबदारीत नाही. त्या वेळी पातळी ४१ फुटांपर्यंत गेली, म्हणजे ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली पण धोका पातळी नाही. ठेकेदार म्हणाला रस्ता बुडाला होता, कार्यालय म्हणाले अट लागू नाही.

दोघेही खरे बोलत होते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांच्या काठचे रस्ते आणि बंधारे फुगवट्याच्या पाण्यात शहरातली पातळी वाढण्याआधीच जातात. राजाराम बंधाऱ्याचा आकडा कोल्हापूरकराच्या तोंडी असतो म्हणून तो निविदेत आला, पण तीस-पस्तीस किलोमीटर लांबीच्या रस्त्यांना तो गज लावता येत नाही.

सुटका व्याख्येने केली. जूनच्या पहिल्या आठवड्यात काढलेले संयुक्त पाहणीचे फोटो होते, त्यामुळे आधी काय होते यावर वाद नव्हता. वरच्या थरातले खड्डे भाग २ चे, ते ठेकेदाराने भरले. सा. क्र. ५/१०० ते ५/९०० मध्ये भराव वाहून पाया उघडा पडला होता. तो नित्य देखभालीच्या व्याख्येतच बसत नव्हता. तो भाग १ च्या पाया-दुरुस्तीच्या बाबीत मोजून करून घेतला, परिमाण वाढले पण २५ टक्क्यांच्या आत राहिले.

पुढच्या प्रारूपात काय बदलले

दोन वर्षांनंतरच्या प्रारूप निविदेत भाग २ ची रक्कम स्थिर ठेवली आहे. ठेकेदाराची टक्केवारी फक्त भाग १ वर लागेल. बी-१ च्या छापील नमुन्यात हे सहज बसत नाही, त्यासाठी विशेष अट आणि वरिष्ठ कार्यालयाची पूर्वमान्यता लागली. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी निदान दर पृथक्करणात नित्य देखभालीचा तक्ता वेगळा मागावा.

कपात खड्ड्यावरून किलोमीटरवर आणली. ज्या किलोमीटरमध्ये मुदतीबाहेरचा एक जरी खड्डा सापडेल त्या किलोमीटरची त्या महिन्याची सगळी रक्कम जाईल. ठेकेदारांना ही अट कडक वाटते आणि पहिल्या मागणीत दर थोडे चढतील. ते चढू द्यावेत असे आमचे मत आहे.

पुरासाठी प्रत्येक सखल लांबीवर जवळच्या मोरीच्या कठड्याला रंगाची खूण केली असून पाणी त्या खुणेला लागल्याचा तारखेसह फोटो हाच पुरावा धरला जाईल.

वेळापत्रक उलटे केले. नूतनीकरणाची यादी एप्रिल-मेमध्ये पक्की, निविदा जुलै-ऑगस्टमध्ये, कार्यारंभ आदेश सप्टेंबरअखेर. खड्ड्यांचे परिमाण ऑक्टोबरातल्या संयुक्त मोजणीने ठरेल, दर मात्र निविदेतलेच. नूतनीकरण घाटाकडच्या रस्त्यांवर आधी आणि उसाच्या रस्त्यांवर ट्रॉल्या थांबल्यावर, मार्च ते मेमध्ये. निवडणुकीची आचारसंहिता या काळात येणार असेल तर तांत्रिक मान्यता त्याआधी हातात हवी, नाहीतर सगळे पुन्हा नोव्हेंबरात ढकलले जाते.

पॅकेजेस दोन ठेवायची की वीस-वीस किलोमीटरची तीन करायची, हे अजून ठरलेले नाही. तीन केली तर लहान ठेकेदार नक्की येतील. पण दर पंधरा दिवसांनी संयुक्त पाहणी करायला कनिष्ठ अभियंता एकच आहे, आणि त्याच्याकडे इमारतींची कामेही आहेत. तिसऱ्या पॅकेजची पाहणी तोच करणार असेल तर ती कागदावरच होण्याची भीती आहे. त्या पदाच्या मागणीचे पत्र प्रारूपासोबतच वर पाठवले आहे.